सव्वादोन सेंटिमीटर

21 ऑगस्ट 2018, जकार्ता. आशियाई स्पर्धेतली पुरुषांची 50 मीटर फ्रीस्टाइलची फायनल. चीनचा यू हेशिन 22.11 सेकंदांत पहिला, जपानचा कात्सुमी नाकामुरा 22.20 सेकंदांत दुसरा आणि जपानचाच शुनिची नाकाओ 22.46 सेकंदांत तिसरा आला. चौथ्या नावापुढे आकडा होता 22.47. ते नाव वीरधवल खाडे, कोल्हापूर, महाराष्ट्र शासनाचा तहसीलदार.

कांस्यपदक हुकलं ते सेकंदाच्या शंभराव्या भागानं. दुसऱ्या दिवशी आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत ही बातमी ‘थोडक्यात हुकलं’ अशा मथळ्याखाली आली आणि तिथंच संपली. ‘थोडक्यात’ म्हणजे किती, हे मोजून पाहण्यासारखं आहे. 22.47 सेकंदांत 50 मीटर म्हणजे सेकंदाला साधारण सव्वादोन मीटर. एका शतांश सेकंदात माणूस पाण्यात सव्वादोन सेंटिमीटर पुढं जातो, म्हणजे बोटाच्या एका पेराएवढं.

याच्यापुढची गंमत नियमाच्या पुस्तकात आहे. 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये 400 मीटर वैयक्तिक मिडलेत स्वीडनचा गुन्नार लार्सन आणि अमेरिकेचा टिम मॅकी या दोघांची वेळ शतांशापर्यंत सारखीच आली. मग सहस्रांश पाहिले आणि दोन सहस्रांशांच्या फरकानं सुवर्ण लार्सनला दिलं. अंतरात मोजलं तर हा फरक जेमतेम तीन मिलिमीटर. पुढं जलतरणात सहस्रांश पाहणंच बंद झालं. कारण सरळ आहे: तलाव बांधणारा गवंडी मिलिमीटर सांभाळत नाही. 50 मीटरच्या तलावाला नियमानंच तीन सेंटिमीटरपर्यंत जास्त लांबीची सूट आहे. तेव्हा शतांशापर्यंत बरोबरी झाली की दोघांना पदक. सिडनीला 2000 साली 50 मीटर फ्रीस्टाइलमध्येच अँथनी एर्विन आणि गॅरी हॉल ज्युनियर या दोन अमेरिकनांनी 21.98 सेकंदांत सुवर्ण वाटून घेतलं. रिओला 2016 साली 100 मीटर बटरफ्लायमध्ये फेल्प्स, ले क्लॉस आणि चेह हे तिघंही रुपेरी पायरीवर एकदमच उभे राहिले.

म्हणजे सहस्रांशाचा फरक अन्यायाचा मानला जातो, शतांशाचा न्यायाचा. पण बांधकामाला जी सूट आहे ती सव्वादोन सेंटिमीटरपेक्षा मोठी आहे! जकार्ताच्या तलावात काही खोट होती असं मला मुळीच म्हणायचं नाही. शर्यत स्वच्छ झाली, नाकाओ पुढं होता, पदक त्याचंच. वीरधवलचा शतांश मला त्या तलावात शोधायचाच नाही. तो त्याच्या आधीच्या नऊ वर्षांत कुठंतरी सांडलाय, असं मला वाटतं. कुठं, ते पाहण्यासाठी हा लेख.

*

कोल्हापूर म्हटलं की तांबडा-पांढरा आणि तालीम हे दोन शब्द आधी येतात. पाणी कुणी म्हणत नाही. खरं तर या गावाचा पाण्याशी घसटीचा संबंध आहे. पंचगंगा आहे, रंकाळा आहे, कोटितीर्थ आहे, आसपासच्या मळ्यांतून शेकड्यांनी विहिरी आहेत. उन्हाळ्याच्या सुटीत पोराच्या पाठीला पत्र्याचा डबा नाहीतर सुक्या भोपळ्यांची जोडी बांधायची आणि काका-मामानं त्याला काठावरून ढकलून द्यायचं, ही इथली जलतरणाची प्राथमिक शाळा. पंचगंगेला पाणी चढलं की शिवाजी पुलावरून सूर मारणारी पोरं आणि त्यांना शिव्या देत पळवणारे पोलीस, हे दृश्य पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे.

पण विहिरीतलं पोहणं आणि शर्यतीतलं पोहणं यांचं फारसं सख्य नाही. विहिरीत पोहणारा डोकं पाण्याबाहेर ठेवतो. त्याला काठ दिसायला हवा, वरून उडी मारणारा दिसायला हवा, शेजारच्याशी बोलता यायला हवं. डोकं वर आलं की कंबर खाली जाते, पाय लोंबतात आणि सगळं शरीर पाण्याला आडवं अडतं. फ्रीस्टाइलमध्ये नेमकं उलटं करावं लागतं: चेहरा पाण्यात, नजर तळावरच्या काळ्या पट्टीवर, कंबर पृष्ठभागाशी. कोल्हापुरातल्या अंबाई टँकवर नाहीतर कुठल्याही गावच्या नगरपालिकेच्या तलावावर मे महिन्यात सकाळी जाऊन उभं राहा. विहिरीत तयार झालेलं दहा-अकरा वर्षांचं पोर कोचच्या हाती आलं की पहिले काही आठवडे एकच ओरडा चालू असतो: “डोकं खाली! डोकं खाली!” पोर बिचारं जोर लावतं, पाणी उडवतं, आणि शेजारच्या लेनमधली, जोर अजिबात न लावणारी मुलगी त्याच्या पुढं निघून जाते. या खेळात ताकद कामी येते, पण फार उशिरा.

वीरधवल विक्रम खाडेचा जन्म 29 ऑगस्ट 1991 चा, कोल्हापूरचा. पोहायला तो इथंच लागला. पण हिंदुस्थानात जलतरणात काही करायचं तर एका टप्प्यावर बेंगळुरूची गाडी पकडावी लागते, तशी त्यानंही किशोरवयातच पकडली. निहार अमीन या कोचच्या हाताखाली, के. सी. रेड्डी जलतरण केंद्रात तो दाखल झाला. हे बेंगळुरूचं प्रकरण काय आहे, असं पुण्या-मुंबईची माणसं जरा खट्टू होऊन विचारतात. उत्तर हवेत थोडं आहे आणि व्यवस्थेत जास्त आहे. तिथं एका शहरात तीन-चार गंभीर क्लब आहेत, त्यांची एकमेकांशी चुरस आहे, आणि पोरगं पंधरा वर्षांचं झालं की त्याच्या शेजारच्या लेनमध्ये त्याच्यापेक्षा वेगवान कुणीतरी असतंच. निशा मिलेट तिथली, पुढचा श्रीहरी नटराज तिथला. आपल्याकडं गुणी पोरगं जिल्ह्यात पहिलं येतं, मग राज्यात पहिलं येतं आणि मग एकटंच पोहत राहतं.

2008 साल त्याच्यासाठी भरधाव गेलं. ऑगस्टमध्ये बीजिंग ऑलिंपिक. 50, 100 आणि 200 मीटर फ्रीस्टाइल अशा तीन शर्यतींत तो उतरला तेव्हा त्याला सतरावं पूर्ण व्हायचं होतं. 100 मीटरमध्ये आपल्या हीटमध्ये तो पहिला आला, वेळ 50.07 सेकंद, स्वतःची तोवरची सर्वोत्तम. एकूण क्रमांक मात्र 42 वा, त्यामुळं पुढची फेरी नाही. हीटमध्ये पहिला आणि यादीत बेचाळिसावा हे कोडं जलतरणाबाहेरच्या माणसाला समजावून सांगणं कठीण जातं. हीटा नोंदलेल्या वेळेप्रमाणं लागतात. संथ वेळेवाले आधी, जलद वेळेवाले शेवटी. तेव्हा आपल्या हीटमध्ये पहिलं येणं म्हणजे आपल्या इयत्तेत पहिलं येणं. इयत्ता कोणती, ते यादी सांगते. तरी सोळा वर्षांच्या पोरानं ऑलिंपिकच्या पाण्यात, दडपणाखाली, आयुष्यातली सर्वोत्तम वेळ द्यावी ही गोष्ट साधी नाही. मोठ्या स्पर्धेत आपले पोहणारे बहुतेकदा स्वतःच्याच वेळेच्या मागं राहतात.

त्याच ऑक्टोबरात पुण्याला, बालेवाडीत, राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या. तिथं त्यानं सुवर्णपदकांची रांगच लावली. घरचं मैदान, मराठी प्रेक्षक. मराठी वर्तमानपत्रांच्या क्रीडापानावर क्रिकेट खाली सरकून जलतरण वर येण्याचे ते दुर्मीळ दिवस.

*

आता थोडं या 50 मीटरबद्दल सांगतो, कारण ही शर्यत इतर शर्यतींसारखी नाही.

1500 मीटर पोहणाऱ्याला चूक परवडते. 200 मीटरवाल्याला एखादी चूक परवडते. 50 मीटरमध्ये टर्न नाही, दम राखणं नाही, डावपेच नाही. ब्लॉकवरून सुटायला साधारण सहा-सात दशांश सेकंद लागतात. हवेत तीन-साडेतीन मीटर. मग पाण्याखाली, हात डोक्यापुढं बाणासारखे जुळवून, पाय डॉल्फिनच्या शेपटीसारखे एकत्र मारत. नियमाप्रमाणं 15 मीटरच्या खुणेपर्यंत डोकं वर यायलाच हवं. उरलेल्या 35 मीटरांत हात चालतात. श्वास? बरेच जण एकदा घेतात, काही जण घेतच नाहीत. मान वळवली की शरीराची रेघ मोडते आणि रेघ मोडली की शतांश जातात.

पाण्याला हात कसा लावायचा, ही तर अख्ख्या आयुष्याची विद्या. नवशिक्या सरळ हातानं पाणी खाली दाबतो, त्यानं शरीर वर उचललं जातं, पुढं जात नाही. जाणकार पोहणारा कोपर पाण्याच्या पृष्ठभागाशी ठेवतो आणि कोपरापासून बोटांपर्यंतचा भाग उभा करून पाणी मागं लोटतो. ‘कोपर वर’ हे दोन शब्द कुठल्याही तलावावर दिवसातून शंभरदा ऐकू येतात. पाय एका हातचक्रात सहा वेळा हलतात, पण गुडघ्यातून नाही. मांडीतून, आणि घोटा अगदी सैल सोडून. घोट्याची लवचीकता हा स्प्रिंटरचा दडवलेला दागिना आहे. लहानपणी ती मिळाली तर मिळाली.

शेवट सगळ्यांत क्रूर. भिंतीवर टच पॅड असतं, त्याला नुसतं बोट टेकवून भागत नाही, दाब द्यावा लागतो. भिंत जवळ आली की दोनच पर्याय: पसरलेल्या हातानं तसंच घसरत जायचं, की अर्धा हात आणखी मारायचा. बीजिंगला, म्हणजे वीरधवल जिथं गेला होता त्याच ऑलिंपिकमध्ये, 100 मीटर बटरफ्लायमध्ये मिलोराद चाव्हिच घसरत गेला आणि फेल्प्सनं तो अर्धा हात मारला. फरक एक शतांश. फेल्प्सची आठ सुवर्णं त्या अर्ध्या हातावर उभी आहेत. त्याउलट, भिंतीशी हात अर्धवट अडकून शर्यत गमावल्याचीही उदाहरणं भरपूर आहेत. तेव्हा हा निर्णय आगाऊ घेता येत नाही. शेकडो वेळा त्याच वेगात त्याच भिंतीशी गेलेलं शरीर तो परस्पर घेतं.

म्हणूनच या शर्यतीचा सराव खंडित झालेला चालत नाही. ताकद महिनाभर सुटीनंतरही बऱ्यापैकी शिल्लक असते. पोहणारे ज्याला ‘पाण्याची पकड’ म्हणतात ती मात्र आठवड्याभरात सैल व्हायला लागते.

*

नोव्हेंबर 2010. चीनमधलं ग्वांगझू. आशियाई स्पर्धेत 50 मीटर बटरफ्लायमध्ये वीरधवलनं 24.31 सेकंदांत कांस्यपदक घेतलं. वय एकोणीस.

या पदकाचं वजन कळायला मागं जायला हवं. 1951 साली दिल्लीत पहिली आशियाई स्पर्धा झाली. तिथं सचिन नाग यांनी 100 मीटर फ्रीस्टाइल जिंकली. आशियाई स्पर्धेत भारताचं जलतरणातलं ते एकमेव सुवर्ण. पुढं 1986 साली सोलला खजान सिंग यांचं 200 मीटर बटरफ्लायमध्ये रौप्य. आणि मग चोवीस वर्षं काहीच नाही. या कोरड्या पट्ट्यानंतर कोल्हापूरच्या पोरानं पदक आणलं. 2011 मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला. राज्य सरकारनं नोकरी दिली, ती क्रीडाधिकाऱ्याची वगैरे नव्हे, महसूल खात्यातली: तहसीलदार.

इथं थांबून आपल्या समाजाबद्दल एक गोष्ट बोलायला हवी. महाराष्ट्रात खेळाडूच्या आईबापांना झोप लागू देत नाही तो प्रश्न ‘पदक मिळेल का’ हा नसतो, ‘पुढं काय’ हा असतो. पश्चिम महाराष्ट्रात तर या प्रश्नाला इतिहास आहे. हेलसिंकीहून कांस्य आणणारे खाशाबा जाधव पुढं पोलीस खात्यात राबले आणि त्यांच्या हयातीत त्यांचं कौतुक किती झालं ते सर्वांना ठाऊक आहे. पेठ इस्लामपूरच्या मुरलीकांत पेटकरांनी 1972 साली हायडलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाइलचंच सुवर्ण जिंकलं. 1965 च्या युद्धात गोळ्या खाल्लेल्या या जवानाला पद्मश्री मिळाली 2018 मध्ये. एवढं पाहिलेल्या मुलखात पोराला विशी-बाविशीत तहसीलदाराची खुर्ची मिळत असेल तर ती नाकारायला कोण सांगेल? मी तरी सांगणार नाही. जलतरणात आयपीएल नाही. पस्तिशीनंतर समालोचनाची कंत्राटं नाहीत. थेट नियुक्तीचं सरकारी धोरण हे खेळाडूंवर उपकार नाही, उशिरा सुचलेलं शहाणपण आहे, आणि त्यानं कित्येक घरं सावरली आहेत.

पण तहसीलदार हे पद शोभेचं नाही, हेही खरं. वीरधवल मालवणला तहसीलदार होता. ज्यांचं तहसील कचेरीत कधी काम पडलं नसेल त्यांच्यासाठी: फेरफाराच्या नोंदींवरचे वाद, उत्पन्नाचे दाखले, रेशनकार्डं, संजय गांधी निराधार योजनेची प्रकरणं, अतिक्रमणं, निवडणुकांच्या याद्या, वादळवाऱ्यानंतरचे पंचनामे, तालुका दंडाधिकारी म्हणून कायदा-सुव्यवस्था, आणि मालवणसारख्या तालुक्यात खाडीतला वाळूउपसा. वाळूवाल्यांवर धाड घालायची तर ती रात्रीच घालावी लागते. मंत्री आले की दौऱ्यावर हजर. आमसभेत उभं राहून उत्तरं द्यायची. सकाळी दहाला खुर्चीत बसलेल्या माणसाचा दिवस किती वाजता संपेल, ते सरकारलाही सांगता येत नाही.

त्याच्याशेजारी स्प्रिंटरचा दिवस मांडून बघा. पहाटे पाच-साडेपाचला पाण्यात. दोन-अडीच तास. मग खाणं, मग झोप. हो, दुपारची झोप हा सरावाचाच भाग आहे, चैन नव्हे. मग व्यायामशाळा. संध्याकाळी पुन्हा दोन तास पाण्यात. या दोन वेळापत्रकांत तडजोड होत नाही. एकाला खावंच लागतं, आणि खाल्लं जातं कोणतं, ते सांगायला नको.

मालवणला पाण्याला काय तोटा, असं कुणी म्हणेल. दारात समुद्र, समोर सिंधुदुर्ग. चिवला बीचवर तर सागरी जलतरणाच्या स्पर्धा भरतात, शेकडो पोरं उतरतात. पण 50 मीटरच्या माणसाला समुद्राचा उपयोग नाही. तिथं भिंत नाही, ब्लॉक नाही, तळाला काळी पट्टी नाही आणि वेळ घ्यावी तर लाट कधी पुढून, कधी मागून. अंतर कापणाऱ्याला समुद्र घडवतो. शतांश मोजणाऱ्याला तिथं मोजायला काहीच नसतं.

लंडनच्या 2012 च्या ऑलिंपिकमध्ये वीरधवल नव्हता. रिओच्या 2016 च्या ऑलिंपिकमध्येही नव्हता. पहिलं होतं तेव्हा तो वीस वर्षांचा, दुसरं होतं तेव्हा चोवीस. स्प्रिंटरची ऐन उमेदीची वर्षं म्हणजे नेमकी हीच.

माझं म्हणणं नोकरीविरुद्ध नाही, नोकरीच्या मुहूर्ताविरुद्ध आहे. आशियातलंच एक उदाहरण देतो. सिंगापूरमध्ये प्रत्येक तरुणाला दोन वर्षं सक्तीची राष्ट्रीय सेवा करावी लागते, आणि त्यात सूट मिळवणं म्हणजे अशक्य कोटीतली गोष्ट. तिथल्या सरकारनं 2013 साली जोसेफ स्कूलिंग या अठरा वर्षांच्या पोहणाऱ्याची सेवा पुढं ढकलली. माफ केली नाही, फक्त पुढं ढकलली. त्यानं रिओला 100 मीटर बटरफ्लायचं सुवर्ण घेतलं. वर तिघांच्या बरोबरीचं जे रौप्य सांगितलं ते त्याच्याच मागं होतं. देशाचं पहिलं ऑलिंपिक सुवर्ण. सेवा त्याला पुढं करावी लागलीच. आपल्याकडं कुणीतरी एखाद्या फायलीवर ‘नियुक्ती कायम, रुजू होण्याची तारीख 2016 नंतर’ असा शेरा मारला असता तर काय झालं असतं, ते कुणालाच सांगता येणार नाही. पण तसा शेरा मारायची सोय तरी असावी की नाही?

*

बहुतेकांची गोष्ट इथं संपते. भिंतीवर अर्जुन पुरस्काराचा फोटो, कचेरीत ‘साहेब पूर्वी पोहायचे’ अशी ओळख.

पण वीरधवल परतला. पंचविशीच्या पुढं, शरीर जड झालेलं, बरोबरीचे कधीच निवृत्त झालेले, आणि शेजारच्या लेनमध्ये आपल्याहून आठ-नऊ वर्षांनी लहान पोरं. स्प्रिंटरनं परतणं हे लांब पल्ल्याच्या पोहणाऱ्यानं परतण्यापेक्षा अवघड. गमावलेला दम नेटानं कमावता येतो. स्फोट मात्र वयाबरोबर उतरतो आणि त्याला पुन्हा चढवायला वजनांशी झटावं लागतं. वजनं वाढली की स्नायू वाढतात, स्नायू वाढले की पाण्यातला अडथळाही वाढतो. दोन्हींचा तोल रोज नव्यानं सांभाळायचा.

आणि मधल्या काळात खेळ पुढं गेलेला होता. 2010 च्या सुमाराला ब्लॉकवर मागच्या पायाला टेकू आला, त्यानं उडीचं अख्खं तंत्र बदललं. चकचकीत पॉलियुरेथिनचे सूट 1 जानेवारी 2010 पासून बंद झाले. त्याच सूटांमुळं 2009 साली रोमच्या जागतिक स्पर्धेत 43 विश्वविक्रम पडले होते, आणि त्या डिसेंबरात सेझार सिएलोनं 50 मीटर फ्रीस्टाइलमध्ये लावलेला 20.91 सेकंदांचा विक्रम पुढं दीडएक दशक कुणाच्या बापाला मोडता आला नाही. 2009 सालच्या आकड्यांशी पुढं टक्कर देणं जगात सगळ्यांनाच जड गेलं.

वीरधवलचा राष्ट्रीय विक्रमही 2009 चाच होता: 22.52 सेकंद. जकार्ताला, त्या फायनलच्या आधी सकाळच्या हीटमध्ये त्यानं 22.43 सेकंद दिले. स्वतःचाच विक्रम स्वतःच मोडला. सतरा-अठराव्या वर्षी केलेला विक्रम सत्तावीस वर्षांचा व्हायला आठवडा राहिला असताना! मधली कित्येक वर्षं खुर्चीत गेलेली असताना. मला विचाराल तर या माणसाच्या कारकिर्दीतली सर्वांत मोठी कामगिरी ग्वांगझूचं पदक नाही, जकार्ताची ती सकाळ आहे. पण हीटला पदक नसतं, त्यामुळं तिचा फोटोही नाही.

एकदा हे दोन आकडे शेजारी ठेवा. 22.52 आणि 22.43. नऊ वर्षांत नऊ शतांश. वर्षाला एक. आणि संध्याकाळी हवा होता तोही फक्त एक, बरोबरीच्या कांस्यासाठी. सकाळचीच वेळ त्यानं संध्याकाळी दिली असती तर नाकाओच्या तीन शतांश पुढं राहून तो एकटाच पायरीवर गेला असता. सकाळी 22.43 देणारं शरीर संध्याकाळी 22.47 देतं, यात दोष काही नाही. एका दिवसात दोनदा सर्वस्व ओतायची सवय लागते ती वर्षाला चार-सहा मोठ्या स्पर्धा पोहून. ती वर्षं कुठं गेली ते वर आलंच आहे.

त्याच स्पर्धेत कोल्हापूरच्याच राही सरनोबतनं 25 मीटर पिस्तूलमध्ये सुवर्ण जिंकलं. गावात मिरवणुकीचा माहोल झाला. चौथ्या क्रमांकाची मिरवणूक काढायची रीत आपल्याकडं अजून पडलेली नाही.

*

टोकियोसाठी ऑलिंपिकची ‘अ’ पात्रता 22.01 सेकंद होती. ‘ब’ पात्रता 22.67, ती वीरधवलनं गाठली होती. ‘अ’ गाठली की थेट प्रवेश. ‘ब’ म्हणजे प्रतीक्षायादीतलं तिकीट. 22.43 आणि 22.01 मधलं अंतर 42 शतांशांचं, पाण्यात मोजलं तर जवळजवळ मीटरभर. ते भरून काढायला त्याच्याकडं सलग सरावाचं एखादं वर्ष हवं होतं.

मिळालं ते 2020. मार्चमध्ये तलाव बंद झाले. धावणारे गच्चीवर पळाले, पैलवानांनी अंगणात बैठका मारल्या, नेमबाजांनी दिवाणखान्यात रिकामं पिस्तूल धरलं. पोहणाऱ्यानं काय करायचं? पाण्याला पर्याय नाही. जूनमध्ये वीरधवलनं ट्विटरवर जाहीरपणे लिहिलं की तलाव उघडत नसतील तर निवृत्तीचा विचार करावा लागेल. त्यावर थोडी चर्चा झाली, क्रीडामंत्र्यांपर्यंत गेली. खेळाडूंच्या सरावासाठी तलाव उघडायला केंद्रानं परवानगी दिली ती 15 ऑक्टोबरपासून. सात महिने! तोवर युरोपातले पोहणारे कधीच पाण्यात उतरले होते. एकोणिसाव्या वर्षी सात महिने गेले तर हळहळ वाटते. एकोणतिसाव्या वर्षी ते हिशेबच मिटवून टाकतात.

2021 च्या जूनमध्ये रोमला साजन प्रकाशनं 200 मीटर बटरफ्लाय 1 मिनिट 56.38 सेकंदांत पोहून भारताची पहिली ‘अ’ पात्रता गाठली. पाठोपाठ श्रीहरी नटराजनं 100 मीटर बॅकस्ट्रोकमध्ये गाठली. टोकियोला हे दोघं गेले आणि माना पटेल गेली. वीरधवलच्या नावावर ऑलिंपिक राहिलं ते एकच, सोळाव्या वर्षातलं.

त्यानंतरही तो पोहत राहिला, हे मला विशेष वाटतं. ऑक्टोबर-नोव्हेंबर 2023 मध्ये गोव्यात राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा झाल्या. पोहण्याच्या शर्यती पणजीला कांपालच्या तलावात. एकाच दिवशी पुरुषांची 50 मीटर फ्रीस्टाइल वीरधवल खाडेनं जिंकली आणि महिलांची 50 मीटर फ्रीस्टाइल ऋजुता खाडेनं, त्याच्या पत्नीनं. दोघंही महाराष्ट्राचे. संसार एकाच शर्यतीभोवती बांधलेलं असं जोडपं भारतीय जलतरणात दुसरं मला तरी आठवत नाही. याच स्पर्धेत त्यानं निवृत्ती जाहीर केली. वय बत्तीस. बीजिंग ते पणजी, पंधरा वर्षं. जिच्यातले दिग्गजही दहा-बारा वर्षांत थकतात त्या शर्यतीत.

आता शेवटची एक खबर. आशियाई पदक त्याला मिळालं ते 50 मीटर बटरफ्लायमध्ये, आणि ही शर्यत आजवर ऑलिंपिकमध्ये नव्हतीच. त्यामुळं ग्वांगझूचं पदक घेऊन घरी आलेल्या एकोणीस वर्षांच्या पोराला आपल्या सर्वोत्तम शर्यतीतून ऑलिंपिकचा रस्ताच नव्हता, तो फ्रीस्टाइलकडूनच शोधावा लागणार होता. एप्रिल 2025 मध्ये जाहीर झालं की लॉस एंजेलिसच्या 2028 च्या ऑलिंपिकमध्ये बटरफ्लाय, बॅकस्ट्रोक आणि ब्रेस्टस्ट्रोक या तिन्ही प्रकारांत 50 मीटरच्या शर्यती असतील. त्या ऑलिंपिकच्या वेळी वीरधवल छत्तीस पुरा करून सदतिसाव्यात असेल. महसूल खात्याच्या हिशेबानं म्हणजे नोकरीची अजून वीसेक वर्षं बाकी.